दोन काठांची सरासरी

ऑगस्ट सरत आला की मला भरदिवसा झोप येते. येते तर येते, सत्तरी ओलांडलेल्या बाईला कुणी जाब विचारू नये. मैदानाच्या कडेला ओकच्या झाडाखाली माझी कापडी खुर्ची असते. मागून बिअरसाठी लावलेल्या हॉपच्या वेलींचा कडसर वास येत असतो, समोर ओढा, आणि ओढ्यावरचं धुकं सूर्य चांगला वर आला तरी उठायचं नाव घेत नाही. त्या धुक्यातून पलीकडची माणसं नुसती कमरेपासून वर दिसतात. पाय नसलेली माणसं पुलावरून तरंगत येतात, "काय बेरिल, बरं ना?" म्हणतात आणि पुन्हा विरघळून जातात. मी अर्धी जागी, अर्धी कुठं कोण जाणे. विल्फ, माझा नवरा, गावभर सांगत फिरतो की बेरिल खुर्चीत घोरते. मी घोरत नाही. घोरतो तो.

ओढा दिसायला साधा, पोरं उड्या मारून पार करतात, पण त्याच्या अलीकडे केंट आणि पलीकडे ससेक्स. आमचं विदीफर्ड गाव एकच, चर्च एक, पब एक, भांडणं मात्र दोन जिल्ह्यांची. आणि शाळा दोन तऱ्हेच्या. आमच्या काठावर पोर दहा वर्षांचं झालं की त्याला परीक्षेला बसवतात. पास झालं तर ग्रामर शाळा, निवडून घेतलेल्या मुलांची. नाही झालं तर दुसरी शाळा, तीही दोन बस बदलून. पलीकडे ससेक्सात तसलं काही नाही. तिथं सगळ्यांना एकच शाळा, डॉक्टरचं पोर आणि गवंड्याचं पोर एका बाकावर. म्हणून आमच्या काठाची नापास पोरं दोन बसच्या फंदात न पडता सरळ पूल ओलांडतात आणि पलीकडच्या शाळेत जातात.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते रोज दिसतं. ग्रामरची बस या बाजूला थांबते, काही पोरं चढतात. बाकीची पाठीला दप्तर लावून धुक्यात शिरतात. इतकी वर्षं बघते आहे, पण ते मला कधी पुरतं खरं वाटलं नाही. आमचीच पोरं, आमच्याच गल्लीतली, काल आमच्या बागेतले प्लम चोरणारी, आणि पुलाच्या मध्यावर पोचली की ओळखू येईनाशी होतात. चहा हातात गार होतो आणि मी तशीच उभी असते.

आता आमच्या गावचा वेडेपणा ऐका. सोळाव्या वर्षीच्या मोठ्या परीक्षेचा निकाल ऑगस्टातल्या एका गुरुवारी लागतो. पुढच्या सोमवारी बँक हॉलिडेची सुट्टी, त्या दिवशी दोन काठांचा क्रिकेटचा सामना. हे दोन्ही जवळजवळ येतात असं दोन रिकामटेकड्यांच्या लक्षात आलं. कोण म्हणून काय विचारता? एक माझा नवरा आणि दुसरा पलीकडचा नॉर्मन एकहर्स्ट. विल्फ केंटकडचा कर्णधार, नॉर्मन ससेक्सकडचा. दोघांचे गुडघे गेले, पॅड बांधायला वाकवत नाही, तरी कर्णधार! हल्ली परीक्षेत प्रत्येक विषयाला आकडा देतात, नऊ सगळ्यात वर आणि एक तळाला. झालं. आकडा दिसला की या दोघांना धावा दिसतात. प्रत्येक पोराच्या चांगल्या आठ विषयांच्या आकड्यांची बेरीज करायची, ती त्याची खेळी. गुरुवारी संध्याकाळी मैदानावरच्या फलकावर त्या खेळ्या पत्र्याच्या आकड्यांनी लावायच्या, आणि मग काठाकाठाची सरासरी काढायची. हरेल त्यानं सोमवारी सगळ्यांचं चहा-खाणं करायचं. जबरदस्ती कुणावर नाही, ज्याला सांगायचं नसेल त्यानं घरी बसावं. पण पोरं हौसेनं येतात. आकडे फलकावर लावायचं काम माझं, कारण त्या दोघांनी लावले तर एकमेकांचे डोळे काढतील.

यात एक मेख होती. सोमवारच्या क्रिकेटला माणूस ज्या काठावर झोपतो त्या काठाकडून खेळतो. निकालाच्या सामन्यात मात्र शाळा बघायची. ग्रामरची पोरं केंटची आणि पुलापलीकडच्या शाळेतली ससेक्सची. म्हणजे आमच्या काठाची नापास झालेली पोरं नॉर्मनच्या पदरात! मग केंट जिंकणार नाही तर काय होणार? दर वर्षी विल्फ पबमध्ये ग्लास आपटून सांगायचा, "निवडून घेतलेली शाळा ती निवडून घेतलेली शाळा. आकडे समोर आहेत, बघून घ्या."

"अरे," मी म्हणायचे, "आधी साय काढून घ्यायची, उरलेलं शेजाऱ्याच्या भांड्यात ओतायचं आणि वर म्हणायचं आमचं दूध दाट. लाज नाही वाटत?"

"नियम म्हणजे नियम, बेरिल."

नॉर्मननं कधी तक्रार केली नाही. तो टोपी मागे सरकवायचा, म्हणायचा, "जो येईल तो आपला," आणि सोमवारी काकडीची सँडविच करून आणायचा. बायको गेल्यापासून तो एकटाच करतो. नॉर्मनची सँडविच तुम्ही खाल्ली नाहीत म्हणून तुम्हाला कल्पना नाही. भिजलेला पुठ्ठा बरा.

आता ब्रायनीचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठीच सांगायला बसले आहे. ब्रायनी आमची नात. लिनेट, आमची मुलगी, हॉस्पिटलात पाळ्या करते, म्हणून दोघी आमच्याकडेच राहतात. पोरगी चालायला लागली तशी विल्फची शेपूट झाली. तो बागेत गेला की ही बागेत, तो पबात गेला की ही पबाच्या पायरीवर. त्यानं तिला सफरचंदाच्या झाडाखाली बॅट धरायला शिकवलं. अशी सरळ बॅट यायची पोरीची की विल्फ हातातला पाइप विसरायचा. "ही केंटकडून खेळणार," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला, पोस्टमनला, शेजारच्या कुत्र्यालासुद्धा सांगायचा.

मग ती दहा वर्षांची झाली आणि परीक्षेला बसली. ऑक्टोबरात लिनेटच्या फोनवर निकाल आला. थोडक्यात हुकला होता. लिनेट सिंकपाशी गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. ब्रायनी टेबलाशी बसून होती. आईकडे नाही, माझ्याकडे नाही, ती आजोबांकडे बघत होती. विल्फनं बटाट्याला लोणी लावलं आणि म्हणाला, "चला! नॉर्मनला एक झकास बॅट मिळाली."

विनोद होता तो. माझ्या नवऱ्याला अवघड वेळेला विनोदच सुचतात, लग्नात पाद्र्यासमोरही एक सुचला होता. पोरगी हसली सुद्धा. मला मात्र तो गरम बटाटा त्याच्याच टाळक्यात हाणावासा वाटला.

त्या दिवसापासून ब्रायनीनं त्याच्याबरोबर बॅट धरली नाही. रुसवा नाही, आदळआपट नाही. "आजोबा, चहा टाकू का? आजोबा, तुमचा चष्मा." सगळं नीट. फक्त सोमवारच्या सामन्याला ती ना इकडून खेळायची ना तिकडून. पुलाच्या कठड्यावर बसून पाय हलवत राहायची, आणि दोन्हीकडची माणसं तिच्या मागून जायची यायची. लांबून बघितलं की वाटायचं, पोरगी कुठंच बसलेली नाही, हवेत आहे.

एकदा माझ्याबरोबर शेंगा सोलताना म्हणाली, "आजी, आजोबा मला कुठल्या काठाची समजतात गं?"

"चल, काहीतरीच काय! आपल्या घरची आहेस."

"घरची नाही विचारलं मी."

मी विल्फला सांगितलं. तो म्हणाला, "तिला ठाऊक आहे सगळं." पुरुषांची ही एक गंमतच आहे. न बोललेलं सगळं दुसऱ्याला ठाऊक असतं असं त्यांना वाटतं. पोरीला सहा वर्षं एवढंच हवं होतं, की त्या माणसानं एकदा चारचौघांत म्हणावं, ही माझी. बाकी तिला काही नको होतं, त्याच्याकडून तरी.

निकालाच्या गुरुवारी ती लवकर उठली. टोस्ट तसाच ताटलीत ठेवला. विल्फ टाय बांधून दारात उभा, कारण ग्रामरची पोरं बसनं परतली की त्यांचे आकडे टिपायचे होते कर्णधारांना. ब्रायनी त्याच्या बाजूनं बाहेर पडली तसा तो म्हणाला, "जमेल हं, छान जमेल," पोस्टमनला म्हणावं तसं. ती "हो" म्हणाली. मी खिडकीशी आले तोवर ती पुलावर पोचली होती आणि मग दिसेनाशी झाली. मी तिथंच उभी राहिले. किती वेळ कोण जाणे, धुकं एवढं पांढरं होतं की वाटलं आता पलीकडे काही उरलंच नसेल, शाळा नाही, ससेक्स नाही, नुसता पांढरा कागद.

दुपारी ती आली, मला मागून मिठी मारली, गाल माझ्या पाठीला लावून जरा वेळ उभी राहिली आणि वर जाऊन झोपली. मी काही विचारलं नाही. विल्फही घरात होता. त्यानंही विचारलं नाही. तो बार्नाबीच्या आकड्यांची पुन्हा पुन्हा बेरीज करत बसला होता. हा बार्नाबी ग्रामरचा, हुशार पोरगा, पण यंदा वसंतापासून तो प्रेमात पडला होता आणि इतिहासाच्या पेपरात त्यानं म्हणे मुलीचंच चित्र काढलं. ग्रामरची चारच पोरं होती यंदा आमच्याकडे, त्यातलं एक असं. विल्फ काळजीत होता.

मी मैदानावर येऊन खुर्चीत बसले आणि डोळा लागला. ओढा भरलेला दिसला. मैदान नव्हतं, दोन्ही काठ कुठं तरी लांब सरकले होते. गुडघाभर पाण्यात गावची सगळी पोरं उभी होती, आताची आणि माझ्या वेळचीसुद्धा. मीही त्यांत होते, दोन वेण्या, हातात पेन्सिल. माझ्या वेळी ती परीक्षा जिकडेतिकडे होती. मी नापास झाले होते. वडील म्हणाले होते, टायपिंग शीक, आणि शिकले मी. शेजारी माझी मैत्रीण जून उभी होती. ती पास झाली आणि सप्टेंबरापासून ग्रामरची टोपी घालून जायला लागली, मग आमचं बोलणं हळूहळू थांबलं, भांडण काही नव्हतं. स्वप्नात तिच्या डोक्यावर टोपी नव्हती. माझ्या मांडीत पत्र्याचे आकडे होते, पण त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, नुसते कोरे पत्रे, भट्टीतून आत्ताच काढलेल्या पावासारखे ऊन ऊन. मी ते कुणाकुणाच्या हातात देत होते आणि पोरं ते गालाला लावत होती. पाणी कुठल्याच बाजूला वाहत नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

"बेरिल! ऊठ बाई, आकडे लावायचेत."

नॉर्मन होता. मी डोळे उघडले तर ऊन तिरकं झालेलं, गवतावर सगळं सोनेरी, पाकोळ्या खाली खाली उडत होत्या. अर्धं गाव जमलं होतं. कुणी घोंगडी अंथरून बसलेलं, कुणी सफरचंदाच्या सायडरची बाटली फिरवत होतं. अजून त्या पाण्यातून पाय बाहेर काढायचे होते मला, पण लोकांना त्याचं काय. मी शिडीवर चढले. गाव म्हणतं, बेरिल, शिडीवर नको चढूस. गावानं आपलं बघावं.

आधी केंट. विल्फ टाय सारखा करून एकेक नाव पुकारत होता आणि मी आकडे अडकवत होते. पहिले तीन ठीक होते, ठीक कसले, चांगलेच. मग बार्नाबीचा आकडा लागला तसे लोक हसले, आणि तोही हसला, शेजारी ती मुलगी बसली होती ना. विल्फ नाही हसला.

मग ससेक्स. नॉर्मनची स्वतःच्या काठाची चार पोरं होती, आणि यंदा काय झालं होतं देव जाणे, एकापेक्षा एक आकडे. नॉर्मनला स्वतःलाच खरं वाटेना, प्रत्येकाला दोनदा विचारत होता. मग आमच्या काठाची, पूल ओलांडणारी. एका मुलीचं नाव झालं, तिचे आकडे बरे होते. मग डेनी विकन्स, आमच्या घरापासून तिसऱ्या घरातला. तो बाटली वर धरून ओरडला, "बेचाळीस! आणि लाकूडकामात आठ आहेत, ते वेगळे सांगतो!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगा लाल झाला.

"झालं का?" विल्फनं विचारलं. केंट थोडंसं पुढं होतं. त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

ब्रायनी पुलाच्या कठड्यावरून उतरली. गवतातून सावकाश चालत आली, इतकी सावकाश की मला वाटलं मी अजून झोपेतच आहे. ती नॉर्मनजवळ गेली आणि त्याच्या कानाशी काही बोलली. नॉर्मननं टोपी काढली.

"अडुसष्ट," तो म्हणाला.

मग मागं कुणीतरी शीळ घातली आणि एकदम गलका झाला. अडुसष्ट! केंटच्या फलकावरसुद्धा तेवढे नव्हते. लिनेट पाळी टाकून आली होती, तिनं तोंडावर हात धरला. मी विल्फकडे बघितलं. त्याचे ओठ हलत होते. पन्नास वर्षं मी ते ओठ ओळखते. तो सरासरी काढत होता.

ब्रायनी धरली तर ससेक्स एका धावेनं पुढं जात होतं. हा निकालाचा सामना सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

"थांब, बेरिल," तो म्हणाला. "तो आकडा तिकडे नको लावूस."

"मग?"

"ब्रायनी आमच्या काठावर झोपते." तो उभा राहिला. "माझ्या घरात. मी हिला बॅट धरायला शिकवलं. ही आमची आहे. ही माझी आहे!"

खोटं नाही सांगत, क्षणभर माझे डोळे भरून आले. म्हटलं, बोलला! अखेर बोलला एकदाचा, तेही सगळ्या गावासमोर. डोळे त्याचेही भरले होते, त्याला ते मनापासून वाटत होतं. आणि मग मी ब्रायनीकडे बघितलं. पोरीचा चेहरा असा झाला होता, जसा कुणी दार उघडून आत घ्यावं आणि आत गेल्यावर कळावं की दुसऱ्याच कुणाला बोलावलं होतं.

"आजोबा," ती म्हणाली, "डेनी पण आपल्याच काठावर झोपतो."

"हो. झोपतो की."

"मग त्यालाही घ्या ना आपल्यात."

"मला नका बुवा मध्ये ओढू," डेनी म्हणाला. "मी इकडे मजेत आहे." लोक हसले. विल्फनं डेनीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच. पण ते सगळ्यांना दिसलं.

"आणि मला बेचाळीस मिळाले असते तर?" ब्रायनीनं विचारलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "शाळेच्या पहिल्या दिवशी मी पूल ओलांडत होते ना आजोबा, तेव्हा मी रडत होते. मिस्टर एकहर्स्ट पलीकडच्या टोकाला उभे होते. दर वर्षी उभे असतात. म्हणाले, ये गं, आलीस का, बरं झालं, आम्हाला एक कमीच पडत होती. तेव्हा माझे आकडे कुणालाच ठाऊक नव्हते. मलासुद्धा नव्हते."

नॉर्मन टोपीच्या आत काहीतरी शोधत असल्यासारखा बघत राहिला.

विल्फ खाली बसला. पाकोळ्या तशाच उडत होत्या, ओढ्यावर पुन्हा पांढरं साचायला लागलं होतं, आणि कुणाला काय करावं कळत नव्हतं. सहा आणि आठ माझ्या हातात. मी त्या माणसावर आयुष्यात पुष्कळ ओरडले आहे, तेव्हाही छातीत ओरडा भरून आला होता, की अरे गाढवा, पोरीला तू हवा होतास, तुझा संघ नको होता. पण ओरडले नाही. तो खुर्चीत केवढासा दिसत होता.

"विल्फ," मी शिडीवरून म्हटलं, "हा सहा आणि हा आठ. माझे हात दुखतात. कुठं लावू ते तू सांग, नाहीतर मी घरी जाते."

तो उठला. गुडघे धरत धरत आला. मला वाटलं सांगेल, पण त्यानं हात पुढं केला आणि पत्रे माझ्याकडून घेतले. "उतर," म्हणाला. मी उतरले. आणि तो माणूस, ज्याला डॉक्टरांनी जिनासुद्धा जपून चढ म्हणून बजावलं आहे, तो शिडी चढायला लागला.

"अरे म्हाताऱ्या, पडशील ना!" नॉर्मन ओरडला.

"गप्प बस, नॉर्मन."

ससेक्सची ओळ वरची. तो एक पायरी चढायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. वर पोचल्यावर त्यानं आधी सहा अडकवला. पत्रा दोनदा खिळ्यावरून सुटला. मग आठ. मग एका हातानं शिडी धरून तो लोकांकडे वळला आणि कर्णधाराच्या आवाजात पुकारलं, "ब्रायनी. अडुसष्ट. ससेक्स!"

टाळ्या व्हायच्या आत त्यानं हात वर केला.

"माझी नात आहे," तो म्हणाला. "बेचाळीस असते तरी माझी. बारा असते तरी. ऑक्टोबरात त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी..." पुढचं त्याला बोलवेना. सगळ्या गावासमोर म्हातारा शिडीवर उभा राहून रडत होता, नाक पुसायला हात मोकळा नाही. पाय हलले तशी शिडीही हलली.

ब्रायनी धावत गेली आणि तिनं शिडी खालून दोन्ही हातांनी गच्च धरली.

"धरलीये, आजोबा," ती म्हणाली. "आता हळू उतरा."